कागदच नसलेल्या संगीताचा इतिहास: गुंथर शुलर नावाच्या हॉर्नवाल्याची गोष्ट

परवा एका मित्राने विचारलं की तू सारखं जॅझ जॅझ करतोस, पण ज्या संगीतात दर वेळी नवीनच काहीतरी वाजवायचं असतं त्याचा इतिहास लिहितात तरी कसा, मैफल संपली की हातात उरतं काय? मी उत्तर द्यायला गेलो आणि लक्षात आलं की हे दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही. शिवाय ज्या माणसाने या प्रश्नाशी आयुष्यभर झटापट केली त्या गुंथर शुलरची जन्मशताब्दी २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये होऊन गेली आणि आपल्याकडे तिची फारशी चर्चा पण झाली नाही. म्हणून हा लेख. संगीतातलं काही कळत नसेल तरी चालेल, भजनात टाळ्या वाजवल्या असतील तर तेवढं पुरे.

आधी हा माणूस कोण

जन्म २२ नोव्हेंबर १९२५, न्यूयॉर्क. घरचे जर्मन, वडील न्यूयॉर्क फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे, ते पण चाळीसहून जास्त वर्षं. म्हणजे घरात बेटहोव्हन, मोझार्ट, आणि बाकी सगळं म्हणजे गोंगाट. पोरगा फ्रेंच हॉर्न शिकला. हे वाद्य गोगलगायीसारखं गुंडाळलेलं पितळी असतं, नळी सरळ केली तर बारा फुटांच्या आसपास भरेल, आणि ते वाजवायला इतकं लहरी की चांगल्या चांगल्यांचा सूर भर कार्यक्रमात घसरतो. शुलरने शाळा अर्धवट सोडली, सतराव्या वर्षी सिनसिनाटीच्या ऑर्केस्ट्रात मुख्य हॉर्नवादक झाला आणि १९४५ ते १९५९ न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराच्या (ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटक) ऑर्केस्ट्रात वाजवत होता. पुढे तो मोठ्या संगीतशाळेचा प्रमुख झाला, पण शिकून मिळवलेली डिग्री एकही नाही.

त्याच्या लहानपणीचा एक किस्सा तो स्वतःच सांगायचा. रात्री होमवर्क करताना रेडिओवर ड्यूक एलिंग्टन या जॅझ संगीतकाराचा बँड ऐकला आणि दुसऱ्या दिवशी वडिलांना सांगितलं की हे संगीत बेटहोव्हन-मोझार्टच्या तोडीचं आहे. वडिलांना म्हणे झटका यायचाच बाकी राहिला. (आपल्याकडे एखाद्या घराणेदार बुवांच्या पोराने सकाळी उठून बापाला सांगावं की सिनेमाच्या गाण्यातली कारागिरी ख्यालाइतकीच मोठी आहे, तर चहाचा कप खाली ठेवून बुवा जे बघतील तेच.)

मग सुरू झालं दुहेरी आयुष्य, संध्याकाळी ऑपेराच्या रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात बसून व्हेर्डी-वाग्नर वाजवायचं आणि तिथून सुटल्यावर रात्री जॅझ क्लबात जाऊन बसायचं, आणि हा नुसता ऐकणारा नव्हता बरं का. ९ मार्च १९५० ला जॅझ ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस याच्या नऊ जणांच्या ग्रुपचं जे रेकॉर्डिंग झालं, जे नंतर 'बर्थ ऑफ द कूल' नावाने जगभर गाजलं, त्या दिवशी हॉर्नवर शुलरच होता.

जॅझ म्हणजे मनाला येईल ते वाजवणं ना?

नाही. हा गैरसमज आधी काढू. बारा मात्रांचं आवर्तन कसं पुन्हा पुन्हा फिरत राहतं, तसं जॅझमध्ये बहुतेक वेळा एक ठरलेला सांगाडा फिरत असतो, तो कधी बारा बारचा, कधी बत्तीस बारचा. बार म्हणजे मात्रांचा एक छोटा गट. प्रत्येक बारला कॉर्ड ठरलेली, म्हणजे एकावेळी वाजणाऱ्या सुरांचा जुडगा. वादक त्या सांगाड्यावर ऐनवेळी सुचेल ते रचत जातो, यालाच इम्प्रोव्हायझेशन म्हणतात, आपण उपज म्हणतो. फरक इतकाच की आपल्याकडे खाली षड्जाची फरशी पक्की असते, तानपुरा हलत नाही, आणि जॅझवाल्याच्या पायाखालची फरशी दर दोन-चार मात्रांनी बदलते आणि तरी त्याला नाचायचं असतं.

म्हणजे शिस्त आहे, भरपूर आहे, फक्त ती कागदावर दिसत नाही. इथेच शुलरची अडचण सुरू होते. युरोपियन संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यासमोर संगीतकाराने स्वतः लिहिलेली पानं असतात. जॅझवाल्याकडे असतात आठवणी, दंतकथा, कोणाचं कोणाशी भांडण झालं, कोण कुठल्या गुत्त्यात वाजवायचा, आणि थोड्या तबकड्या. शुलरच्या आधीची बरीच पुस्तकं रेकॉर्ड जमवणाऱ्या शौकिनांनी आणि पत्रकारांनी लिहिलेली, त्यात माणसं खूप आणि सूर कमी.

मग त्याने केलं काय? कान लावला

शब्दशः. तबकडी लावायची, सुई उचलायची, परत ठेवायची, आणि जे ऐकू येतं ते स्वरलिपीत उतरवून काढायचं. असं करून १९६८ मध्ये त्याचा पहिला मोठा ग्रंथ आला, 'अर्ली जॅझ', सुरुवातीपासून साधारण १९३० च्या सुरुवातीपर्यंतचा. दुसरा, 'द स्विंग एरा', १९८९ मध्ये, १९३० ते १९४५ चा काळ, जवळजवळ नऊशे पानं. या दुसऱ्यासाठी त्याने एक नियम स्वतःवर लादून घेतला होता की ज्या कलाकाराबद्दल लिहायचं त्याचं मिळेल ते प्रत्येक रेकॉर्डिंग ऐकायचं, आणि त्याच्याच हिशोबाने ही ऐकणावळ सुमारे ३०,००० तबकड्यांची झाली. एक तबकडी तीन मिनिटांची धरली आणि एकेकदाच ऐकली तरी पंधराशे तास होतात, आणि लिहून घेणारा माणूस एकदा ऐकून थांबत नाही.

आपल्याला हे पटकन समजेल कारण भातखंड्यांनी काय केलं ते आपल्याला माहीत आहे, उस्तादांच्या गळ्यातल्या बंदिशी मिळवायच्या, स्वरलिपी करायची, छापायची. तेव्हाही तक्रार हीच होती की कागदावर बंदिश येते, गायकी येत नाही. आणि गोविंदराव टेंबे आठवा, स्वतः हार्मोनियम वाजवणारा, मोठमोठ्या गवयांच्या शेजारी बसलेला माणूस लिहायला बसला की त्याच्या लिखाणात जे येतं ते बाहेरून टाळ्या वाजवणाऱ्याला सुचत नाही. शुलरमध्ये दोन्ही आहेत, भातखंड्यांचा हिशेबीपणा आणि साथीला बसलेल्या माणसाचा कान.

स्विंग म्हणजे काय, हे कुणी सांगेल का एकदाचं

जॅझवाल्यांना विचारलं की स्विंग म्हणजे काय तर ते हसतात आणि म्हणतात, विचारावं लागतंय म्हणजे तुला कळणार नाही. शुलरने हे ऐकून घेतलं नाही, त्याने बसून व्याख्या केली आणि मला वाटतं त्याचं सगळ्यात मोठं काम हेच आहे.

पहिला मुद्दा. मिलिटरी बँडच्या मार्चमध्ये एक-दोन-तीन-चार असं मोजलं तर एक आणि तीनला मान, दोन आणि चार आपले मागे मागे. शुलर म्हणतो जॅझमध्ये या दुबळ्या मात्रांना वर उचलून बाकीच्यांच्या बरोबरीला बसवलं जातं, आणि याला त्याने शब्द वापरला लोकशाहीकरण. मी याला एकच पंगत म्हणतो, मानाचं ताट वेगळं नाही, सगळ्यांना सारखं वाढायचं. म्हणून जॅझ ऐकताना जाणकार माणूस टाळी दोन आणि चारवर देतो, आणि नवखा एक-तीनवर देऊन स्वतःची ओळख पटवून देतो.

दुसरा मुद्दा जास्त नाजूक आहे. सूर कोणता लागला यापेक्षा तो कसा सुरू झाला, किती दाबला, आणि पुढच्या सुराकडे कसा ढकलला गेला हे महत्त्वाचं. फुगडी आठवा. दोघी मागे रेलून एकमेकींचं वजन तोलत असतात आणि त्या रेलण्यातूनच पुढचा गरका मिळतो, मध्ये कुठेही पाय ठेवून उभं राहायचं नसतं, राहिलात की फुगडी मोडली. सुरांच्या ओळीला असा सतत पुढचा गरका असला की ती स्विंग होते. तेच सूर तसेच्या तसे कागदावरून वाचून वाजवले तर सूर बरोबर येतात आणि फुगडी मात्र लागत नाही.

याचा पुरावा म्हणून तो लुई आर्मस्ट्राँगची २८ जून १९२८ ची 'वेस्ट एंड ब्लूज' ही तबकडी पुढे करतो. सुरुवातीला बाकी सगळे गप्प आणि एकटा ट्रम्पेट, दहा-बारा सेकंदांचा तुकडा. त्यातले पहिले चारच सूर ऐका म्हणतो, स्विंगचा धडा याहून चांगला मिळणार नाही, पण आर्मस्ट्राँग वाजवतो तसे ऐका, कागदावर दिसतात तसे नाही. म्हणजे ज्याने आयुष्यभर सूर कागदावर उतरवले तोच सांगतोय की मुद्दा कागदावर येत नाहीये. हे वाचून मला हा माणूस आवडायला लागला.

'ब्लू सेव्हन'ची भानगड

आता जरा वादाच्या जागेकडे. २२ जून १९५६ ला सॅक्सोफोनवाला सनी रॉलिन्स आणि तिघे साथीदार यांनी 'ब्लू सेव्हन' नावाचं अकरा मिनिटांचं एक ब्लूज रेकॉर्ड केलं. ब्लूज म्हणजे तेच बारा बारचं आवर्तन. दोन वर्षांनी, १९५८ च्या शेवटी, 'द जॅझ रिव्ह्यू' या नव्या मासिकाच्या पहिल्याच अंकात शुलरने त्यावर लेख लिहिला आणि तो जॅझबद्दलच्या लिखाणातला सगळ्यात गाजलेल्या लेखांपैकी एक झाला.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. बहुतेक वादक उपज करताना एकामागून एक कल्पना टाकत जातात, छान असतात पण एकीचा दुसरीशी संबंध नसतो, लग्नाच्या अल्बममधल्या फोटोंसारखं. रॉलिन्सने सुरुवातीच्या धुनेतला दोन-तीन सुरांचा छोटा तुकडा धरला आणि सगळं वादन त्यातून उगवत नेलं, तोडला, उलटवला, मध्ये जागा सोडली, परत आला. ड्रम्सवरचा मॅक्स रोचही तसंच करतो, आपल्या तुकड्यात अशाच एक-दोन कल्पना धरून ठेवतो. आपल्याला यात नवल वाटणार नाही, बंदिशीच्या मुखड्यावरून बढत करणं हे आपल्या गवयांचं रोजचंच आहे. पण तेव्हाच्या अमेरिकेत विद्यापीठातली माणसं जॅझला रचना म्हणायलाच तयार नव्हती, तिथे स्वरलिपी समोर ठेवून कुणी दाखवणं की बघा, ऐनवेळी सुचलेल्या गोष्टीलाही पाया आणि मजले असतात, हे मोठं होतं.

पण असं चिरफाड करून संगीत मरत नाही का?

हा आक्षेप हमखास येतो, आणि इथे तर खुद्द पेशंटनेच तक्रार केली. रॉलिन्सने नंतर सांगितलंय की तो लेख वाचून आपण गोंधळलो, वाजवताना स्वतःकडेच बघायला लागलो. बरोबर आहे, जिना उतरताना कुणी विचारलं की तू आधी कुठला पाय टाकतोस तर माणूस अडखळणारच. १९५९ मध्ये रॉलिन्सने जाहीर कार्यक्रम बंद केले आणि दोन वर्षं न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर एकटाच रियाज करत राहिला, तर काही लोक त्याचं खापरही या लेखावर फोडतात. ते मला जरा फिल्मी वाटतं. स्वतःच्या वाजवण्यावर समाधान नव्हतं असं तो स्वतःच सांगतो, आणि हा माणूस मुळातच आत वळणारा, १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो आपल्या मुंबईत पवईच्या आश्रमात येऊन राहून गेलाय. एका लेखाने असा माणूस पुलावर जात नाही.

म्हणून माझं मत, चिरफाडीने ऐकणाऱ्याचा फायदा होतो आणि वाजवणाऱ्याचं नुकसान होऊ शकतं. दोन्ही खरं. शुलर स्वतः वाजवणारा असून त्याला हे आधी का जाणवलं नसावं याचं मात्र मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

पट्टी कुणाची वापरली?

हा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि याला शुलरचे भक्त पटकन उत्तर देत नाहीत. एका छोट्या तुकड्यातून सगळी इमारत उभी करणं ही गोष्ट चांगली, हे ठरवलं कुणी? ती बेटहोव्हनच्या घरातली किंमत आहे. वडिलांना पटवायचं होतं ना की एलिंग्टन बेटहोव्हनच्या तोडीचा आहे, मग वडिलांच्याच तराजूत एलिंग्टन, आर्मस्ट्राँग, रॉलिन्स सगळे तोलले गेले. तराजूत ते भारी भरले हे खरं, पण जे तराजूत मावतच नाही त्याचं काय? आवाजातली खरखर, समोरच्या नाचणाऱ्यांशी चाललेला संवाद, दुसऱ्याची ओळ उचलून त्याची केलेली थट्टा. 'प्रत्येक कल्पना वेगळी, संबंध नाही' असं तो ज्यांच्याबद्दल म्हणाला त्यांना तो संबंध नकोच असेल तर?

आणि पुढच्या अभ्यासकांनी अजून एक टाचणी टोचली. रॉलिन्सची त्या काळातली दुसरी रेकॉर्डिंग काढून ऐकली तर 'ब्लू सेव्हन'मधले तेच तुकडे तिथेही सापडतात, म्हणजे ते त्या एका वादनासाठी घडलेलं बीज नव्हतं, त्याच्या बोटांच्या नेहमीच्या जागा होत्या. गंमत बघा, पुढे ३०,००० तबकड्या ऐकणारा माणूस इथे एका तबकडीवर भाळला.

यावरून शुलर चुकीचा ठरतो का? मला नाही वाटत. मोजायला पट्टीच नव्हती तेव्हा त्याने पट्टी आणली, म्हणूनच ती वाकडी आहे हे नंतरच्यांना सांगता आलं.

आणि जे रेकॉर्डच झालं नाही ते?

तबकड्यांवरून इतिहास लिहिला तर तबकडी काढायला जो पोचला नाही तो इतिहासात नाही. जॅझची म्हणून मानली जाणारी पहिली तबकडी निघाली १९१७ मध्ये आणि ती गोऱ्या वादकांच्या बँडची. न्यू ऑर्लिन्सचा बडी बोल्डन, ज्याला काळे वादक आपला मूळपुरुष मानायचे, तो १९०७ मध्येच वेड्यांच्या इस्पितळात गेला आणि १९३१ मध्ये तिथेच वारला, त्याचा एकही सूर आज ऐकायला मिळत नाही.

बरं, जे रेकॉर्ड झालं ते तरी खरं होतं का? १९२५ च्या आधी मायक्रोफोन नव्हता, सगळ्यांनी एका मोठ्या कर्ण्यासमोर उभं राहून वाजवायचं, जोरात ड्रम वाजला तर सुई उडायची म्हणून ड्रम्स कमी करायचे. असं सांगतात की १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या बँडचं रेकॉर्डिंग करताना तरुण आर्मस्ट्राँगला बाकीच्यांपासून लांब मागे उभं केलं होतं, आवाज एवढा दांडगा. आणि तीन मिनिटं झाली की खेळ खल्लास. आपल्याला हे सांगायला नको, अब्दुल करीम खाँसाहेबांची तीन मिनिटांची तबकडी ऐकून कुणी म्हणालं की ख्याल एवढाच असतो, तर आपण त्याला चहा पाजून घरी पाठवू. शुलरचे ग्रंथ वाचताना हे डोक्यात ठेवायचं, हातात आहे तो फोटो आहे, माणूस नाही.

तिसरा प्रवाह म्हणजे फ्युजन का?

१९५७ मध्ये एका विद्यापीठातल्या भाषणात शुलरने 'थर्ड स्ट्रीम' हा शब्द काढला. एक प्रवाह युरोपियन शास्त्रीय, दुसरा जॅझ, आणि दोघांच्या संगमातून तिसरा. लोकांनी लगेच त्याचा अर्थ 'जॅझला व्हायोलिनची फोडणी' असा घेतला, आणि शेवटी त्याला तो शब्द म्हणजे काय नाही याचीच यादी करावी लागली. पहिले दोन प्रवाह बंद करायचे नाहीत, ते आपापले वाहू देत, हे तो वारंवार सांगायचा.

तरी दोन्हीकडून शिव्या. शास्त्रीयवाल्यांना वाटलं घर बाटलं, आणि जॅझवाल्यांची भीती समजून घ्यायची तर कराडला जा. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, बघायला फार सुंदर, पण पुढे जी नदी वाहते तिचं नाव कृष्णाच असतं. कोयना कुठे गेली हे कुणी विचारत नाही. काळ्या लोकांनी घडवलेलं संगीत, वर्णभेदाचा काळ, आणि संगमाला बोलावणारा ऑपेरातला गोरा माणूस, शंका येणारच. शुलरचा हेतू स्वच्छ होता असं मला वाटतं, पण नदीचं नाव हेतूवरून पडत नाही.

याच सुमारास, १९५८ मध्ये, मुंबईत गोव्याच्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस रागदारी आणि पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा एकत्र आणायचा आपला प्रयोग करत होते. एकाला दुसऱ्याची खबर असण्याचं काही कारण नाही, पण हवेत काहीतरी होतं खरं.

बोलघेवडा होता की काम पण केलं?

काम डोंगराएवढं. १९६७ ते १९७७ तो बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीचा अध्यक्ष होता आणि तिथे जॅझ हा पदवीचा विषय केला. स्कॉट जॉप्लिनचं विसरलेलं रॅगटाइम (जॅझच्या आधीचं पियानोवरचं उड्या मारणाऱ्या लयीचं संगीत) तिथल्या विद्यार्थ्यांकडून बसवून घेतलं, १९७३ मधल्या त्या रेकॉर्डला ग्रॅमी मिळालं. स्वतःच्या रचनेसाठी १९९४ चं पुलित्झर मिळालं, ती रचना बायकोच्या आठवणीत केलेली होती.

पण मला मोठं वाटतं ते मिंगसचं काम. बासवाला चार्ल्स मिंगस १९७९ मध्ये गेला, मागे 'एपिटाफ' नावाची दोन तासांहून मोठी रचना कागदांच्या ढिगात पडून होती. ३ जून १९८९ ला न्यूयॉर्कमध्ये तीसएक वादक घेऊन ती पहिल्यांदा पूर्ण उभी केली ती शुलरने. म्हणजे ज्याने कागद नसलेल्या संगीताला कागदावर आणलं, त्यानेच कागदावर अडकलेलं जॅझ वाजवून मोकळं केलं.

तिसरा खंड

दोन खंड झाल्यावर तिसरा यायचा होता, बीबॉप (१९४० च्या दशकातली वेगवान, गुंतागुंतीची जॅझ शैली) आणि त्यानंतरच्या आधुनिक जॅझचा, १९४५ च्या पुढचा. तो आलाच नाही. २०११ मध्ये आत्मचरित्र आलं, २१ जून २०१५ ला बोस्टनमध्ये शुलर वारला, ८९ वर्षांचा होता. ज्या काळात तो जन्मलाही नव्हता किंवा शाळेत होता त्याचा इतिहास त्याने तबकड्यांवरून सूर सूर वेचून लिहिला, आणि ज्या काळात तो स्वतः त्या खोलीत हॉर्न घेऊन बसला होता तो खंड तसाच राहिला.

त्या खोलीतला एक तुकडा आजही ऐकता येतो. ९ मार्च १९५० च्या रेकॉर्डिंगमधलं 'मून ड्रीम्स' लावा, तीनच मिनिटांचं आहे. दोन मिनिटं एक सरळ संथ गाणं चालतं, मग शेवटी ताल जवळजवळ थांबतो, एक सूर वरती ताणून धरलेला राहतो आणि त्याच्या खाली बाकीची वाद्यं एकेक करून पायरी पायरीने घसरायला लागतात. हेडफोन लावा आणि त्या घसरणीत हॉर्न शोधा. मला दहा-बारा वेळा सुई मागे न्यावी लागली, म्हणजे आता बोटाने मागे ओढतो आपण, पण तेच.